शिशूंमधील ब्रॉन्किओलायटिस : महामारीनंतर विस्कटलेला ऋतुक्रम

सदर लेखाचा विषय दोन वर्षांखालील, त्यातही सहा महिन्यांखालील शिशूंना होणारा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजेच सूक्ष्म श्वासनलिकांचा शोथ, हा आहे. व्याधी नवा नाही. आपल्या वऱ्हाडातील आया त्यास 'डबा' म्हणतात. न्यूमोनियासही त्या डबाच म्हणतात, आणि दोहोंत भेद करणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु 'लेकराचं पोट उडून राह्यलं' हे त्यांचे वर्णन पुष्कळदा आपल्या निदानाच्या आधीचे व तितकेच खरे असते. २०२० पूर्वी हा व्याधी कोणत्या महिन्यांत वाढणार याचा एक ठोकताळा प्रत्येक चिकित्सकाच्या मनात होता. कोविडच्या महामारीत तो मोडला, पुढे बराचसा पुन्हा जुळूही लागला; मात्र मधल्या दोन-तीन वर्षांत आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इतरांच्या हातून होऊ नयेत म्हणून हे लेखन.

आरंभ आमच्याच चुकीपासून करतो.

२०२१ च्या दिवाळीनंतरचा आठवडा होता. एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू असल्याने बार्शीटाकळी तालुक्यातील एका खेड्यातून आई व आजी सात आठवड्यांचे बाळ घेऊन काळीपिवळीने अकोल्यास आमच्याकडे आल्या. बाळाचे नाक दोन दिवसांपासून वाहत होते, किंचित खोकला होता, अंग कोमट होते. घरातील चार वर्षांचा भाऊ मामाच्या गावाहून सर्दी घेऊन परतला होता. त्या काळात आमच्या मनात एकच प्रश्न असे : कोविड आहे की नाही? आईची व भावाची जलद चाचणी करवून घेतली, ती नकारात्मक आली आणि आमचा जीव भांड्यात पडला. कोजागिरी उलटून गेली होती. आमच्या हिशेबाने डब्याचे दिवस संपले होते. बालचातुर्भद्र चूर्ण मधातून चाटविण्यास सांगून आम्ही त्यांना चार दिवसांनी बोलाविले. श्वास मोजला नाही. बाळ आजीच्या मांडीवर झोपले होते, त्यास उठवावेसे वाटले नाही. वास्तविक झोपलेले बाळ ही श्वास मोजण्याची सर्वांत उत्तम संधी होय.

दुसऱ्या रात्री आजीचा फोन आला : "लेकरू दूध घेऊन नाही राह्यलं जी. मधातच श्वास थांबते, अन् मंग घेते." त्याच रात्री गावातील एका गाडीने बाळास शासकीय रुग्णालयात नेण्यात आले. पाच दिवस प्राणवायू व नळीने दूध दिल्यानंतर ते बरे होऊन घरी गेले. श्वास मध्येच थांबणे हे इतक्या लहान बाळात या व्याधीचे पहिले आणि कधीकधी एकमेव गंभीर लक्षण असू शकते, हे आम्ही वाचलेले होते. ओळखले ते आजीने.

व्याधीचे स्वरूप

ब्रॉन्किओलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांत कारण असतो तो रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, संक्षेपाने आर.एस.व्ही. हा विषाणू १९५६ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम सापडला. थोड्याच काळात रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच विषाणू बाल्टिमोर येथील आजारी शिशूंमध्ये दाखविला, आणि चिंपांझींची सर्दी ही मुळात मनुष्याच्या बालकांचा व्याधी असल्याचे उघड झाले. याखेरीज ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस आणि २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला मेटान्यूमोव्हायरस हेही कारण ठरतात. दोन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक प्रत्येक बालकास आर.एस.व्ही.चा संसर्ग एकदा तरी होऊन जातो. बहुतेकांस ती साधी सर्दी असते. जे बाळ तीन महिन्यांखालील आहे, अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मले आहे, किंवा ज्याच्या हृदयात जन्मजात दोष आहे, त्यास मात्र ती साधी राहील याची शाश्वती नाही.

शिशूच्या सूक्ष्म श्वासनलिका मुळातच अत्यंत अरुंद असतात. त्यांच्या अस्तरास सूज येते, झडलेल्या पेशी व कफ यांचे बूच बसते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहास होणारा विरोध सोळापट होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मोठ्या भावास केवळ शिंका आणणारा विषाणू धाकट्यास धाप का लावतो, याचे उत्तर त्यात आहे. आपल्या परिभाषेत हा प्राणवह स्रोतसांतील संग होय. कफाने वाताचा मार्ग अडविला आहे. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवावा. तमक श्वासात, विशेषतः मोठ्या मुलांत, नलिकांचा संकोच हा प्रमुख भाग असतो व तो औषधाने सुटतो. शिशूंच्या या व्याधीत अडथळा मुख्यतः सूज आणि बूच यांचा असतो. म्हणूनच साल्ब्युटामॉलची वाफ, स्टिरॉइड आणि प्रतिजैविके यांचा येथे नेमाने उपयोग करू नये, असे अमेरिकन बालरोग अकादमीने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले. आपल्या श्वासहर कल्पांकडूनही तशीच अवास्तव अपेक्षा धरू नये, असे आमचे मत आहे. काही बंधूंना ते रुचणार नाही.

व्याधीचा क्रम चिकित्सकास पाठ असावा. पहिले दोन-तीन दिवस केवळ नाक वाहते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी श्वासकष्ट सर्वाधिक होतो. त्यानंतर उतार पडतो, परंतु खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आम्ही त्या बाळास दुसऱ्या दिवशी पाहून चार दिवसांनी बोलाविले, म्हणजे नेमके वाईट दिवस त्याने आमच्या नजरेआड काढावेत अशी व्यवस्था केली.

ऋतुक्रम : ग्रंथातील, नोंदवहीतील आणि महामारीतील

विद्यार्थ्यास विचारले की कफज व्याधी कोणत्या ऋतूत वाढतात, तर तो तत्काळ उत्तर देईल : हेमंत-शिशिरात संचय, वसंतात प्रकोप. उत्तर बरोबर आहे. परंतु आमची नोंदवही उघडली तर शिशूंच्या धापेची नोंद फाल्गुन-चैत्रात तुरळक आणि श्रावण ते कार्तिक या काळात दाट दिसते. याचा अर्थ शास्त्र चुकले असा नव्हे. चरक चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तमक श्वास वाढविणाऱ्या कारणांत मेघाच्छादित आकाश, पाऊस, थंडी आणि पूर्वेकडील वारा यांचा उल्लेख आहे. म्हणजे श्वासाचा संबंध केवळ वसंताशी नाही हे आचार्यांस ठाऊक होते. आपणच दोषांचे कोष्टक तेवढे पाठ केले.

आधुनिक निरीक्षणही प्रदेशानुसार भिन्न आहे. युरोप व उत्तर अमेरिकेत आर.एस.व्ही. हिवाळ्यात येतो. आपल्या देशात दिल्लीकडे तो शरदाच्या अखेरीपासून थंडीत वाढतो, तर दक्षिणेत व पश्चिमेत पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यालगत. अकोल्यात मृग बहुधा कोरडाच जातो, पाऊस जूनच्या मध्यास स्थिरावू लागतो. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. पुढे महिना-दीड महिन्यात श्रावण लागतो. अखेरच्या श्रावण सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे जल आणून राजराजेश्वरास अभिषेक करणारी कावड यात्रा, त्यानंतर पोळा, गणपती, नवरात्र. दमट हवा, बंद खोल्या, शाळेतून सर्दी घेऊन येणारी भावंडे आणि पाहुण्यांच्या हातून हाती फिरणारे तान्हे बाळ, हे सर्व एकाच काळात येते. केवळ हवामान किंवा केवळ गर्दी असे एक कारण काढून दाखविता येत नाही.

२०२० साली हे सर्व थांबले. २५ मार्चपासून टाळेबंदी, शाळा बंद, यात्रा व उत्सव नाममात्र. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्याकडे धापेचे शिशू जवळजवळ आले नाहीत. आम्ही त्याचे श्रेय घरोघरच्या काढ्यास देत होतो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. परंतु ज्या देशांत काढा कोणी प्यालेला नव्हता तेथेही तेच घडत होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०२० च्या हिवाळ्यात आर.एस.व्ही.चे निदान आदल्या वर्षांच्या तुलनेत सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. आणि पुढे निर्बंध शिथिल होताच, त्याच वर्षाच्या अखेरीस म्हणजे तेथील वसंत-ग्रीष्मात, विषाणू इतक्या जोराने परतला की रुग्णसंख्या पूर्वीच्या हिवाळ्यांहून अधिक झाली. अमेरिकेत तो २०२१ च्या उन्हाळ्यात परतला. त्यांच्या रोगनियंत्रण केंद्रास १० जून २०२१ रोजी चिकित्सकांसाठी विशेष सूचना काढावी लागली. २०२२ मध्ये तेथे लाट नेहमीपेक्षा लवकर व मोठी आली. आपल्याकडे २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्ली व बंगळुरू येथील रुग्णालयांतून शिशूंच्या गर्दीची वृत्ते येऊ लागली. २०२३ च्या आरंभी कोलकात्यात अ‍ॅडिनोव्हायरसने बालविभाग भरले. हे महिने कोणत्याही जुन्या कोष्टकात बसत नव्हते.

असे का घडले? हवामान तर पूर्ववत होते. मेघ, शीत, वारा यांत २०२१ साली काही विशेष पालट झाला नव्हता. बदलला होता तो बालकांचा समुदाय. दरवर्षी विषाणूस सामोरी जाऊन काहीशी सक्षम होणारी बालके त्या वर्षी सामोरी गेलीच नाहीत. त्यांत पुढल्या वर्षी जन्मलेल्यांची भर पडली. शिवाय गर्भिणींचाही विषाणूशी संबंध न आल्याने त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे ओसरली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ मध्ये तपासलेल्या स्त्रिया व शिशू यांच्यात ती आदल्या वर्षापेक्षा कमी आढळली. आईकडून गर्भास मिळणारी शिदोरीच अपुरी झाली. म्हणून २०२१-२२ मध्ये तान्ह्यांबरोबर दीड-दोन वर्षांची बालकेही प्रथमच धापेने आजारी पडलेली आम्ही पाहिली.

संचय आणि प्रकोप हे शब्द येथे सहज सुचतात. संचय दोषाचा नसून असुरक्षित बालकांचा झाला व निमित्त मिळताच प्रकोप झाला, अशी उपमा आम्ही विद्यार्थ्यांस देतो. ती उपमाच समजावी, प्रमाण समजू नये. आम्हास त्याहून महत्त्वाचे वाटते ते चरकांच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचे विवेचन. भिन्न प्रकृतीच्या, भिन्न आहाराच्या माणसांस एकाच वेळी एकच व्याधी का होतो, हा अग्निवेशाचा प्रश्न आहे आणि वायू, उदक, देश व काल या चार सामान्य भावांकडे आचार्य त्याचे लक्ष वेधतात. व्यक्तीची प्रकृती पाहण्याची सवय असलेल्या वैद्याने जनपदाकडेही पाहावे, हा धडा महामारीने आपणास पुन्हा दिला. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका बाळाची नाडी, मल, मूत्र पाहून 'या आठवड्यात गावात काय चालू आहे' हे कळत नाही.

२०२२ च्या जूनपासून शाळा नियमित झाल्या, कावडही पूर्ववत निघाली. त्यानंतरच्या वर्षांत आमच्या नोंदवहीतील दाटी हळूहळू पुन्हा पावसाळ्याच्या उत्तरार्धाकडे सरकलेली दिसते. तरीही 'आता हा काळ नाही' या आधारावर एखाद्या शिशूस घरी पाठविणे आम्ही सोडले आहे.

मेळघाटातील अभ्यास

या विषयावरील एक महत्त्वाचे काम आपल्या दाराशी झाले आहे आणि आपल्यापैकी अनेकांस ते ठाऊक नाही, याची खंत वाटते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात 'महान' संस्थेचे डॉ. आशिष सातव व सहकारी, अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे डॉ. एरिक सिमोइस आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था यांनी आदिवासी गावांतील दोन वर्षांखालील बालकांची घरोघर देखरेख ठेवून आर.एस.व्ही.चा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महामारीपूर्व वर्षांतील हे निरीक्षण आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, रुग्णालयापर्यंत न पोहोचलेली बालकेही त्यात मोजली गेली. घरी दगावलेल्या बालकात विषाणू होता की नव्हता, हे एरवी कोणासही कळले नसते.

हे का महत्त्वाचे, ते जागतिक अंदाजावरून दिसते. २०१९ या वर्षासाठीच्या अंदाजानुसार पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके आर.एस.व्ही.मुळे जगभरात मृत्यू पावली. त्यांतील जवळजवळ निम्मी सहा महिन्यांखालील होती, ९५ टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती, आणि रुग्णालयात झालेले मृत्यू एकूण मृत्यूंच्या सुमारे चौथा हिस्साच होते. उरलेली तीन-चतुर्थांश बालके घरी, वाटेत, किंवा आपल्यासारख्या खाजगी चिकित्सकाच्या ओसरीवर गेली.

मेळघाटाच्याच संदर्भात एक अप्रिय विषय काढणे भाग आहे. बाळास धाप लागली वा पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर डागण्या देण्याची, 'डंबा' देण्याची, रूढी तेथे आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातील बावीस दिवसांच्या बाळास अशा साठाहून अधिक डागण्या दिल्याचे वृत्त आले, तेव्हा आमच्या परिचयातील एका वैद्यमित्राने 'हे अग्निकर्मच नव्हे काय?' असा प्रश्न केला. प्रश्न थट्टेचा नव्हता. उत्तरकालीन संग्रहांत उत्फुल्लिका नावाचा बालरोग वर्णिला आहे, ज्यात पोट फुगते व श्वास लागतो, आणि त्याच्या उपचारांत उदरावर तप्त शलाकेचा उल्लेख सापडतो. तो दडवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु अग्निकर्माचा मूळ अधिकारी ग्रंथ सुश्रुतसंहिता होय, आणि तिच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात ज्यांस अग्निकर्म करू नये त्यांच्या यादीत बाल आणि दुर्बल ही दोन नावे स्पष्ट आहेत. धाप लागलेले बावीस दिवसांचे बाळ दोन्ही आहे. पोट उडते आहे ते पोटात दोष आहे म्हणून नव्हे; अडलेला श्वास ओढण्यासाठी बाळ उदरपटलाचे सर्व बळ लावते आहे म्हणून. पोटास डाग देणे म्हणजे त्या थकत चाललेल्या बाळास वेदनेने रडवून उरलेले बळ संपविणे होय. असा डाग दिलेले बाळ आपणाकडे आले तर घरच्यांवर न संतापता बाळास लगेच रुग्णालयात पोहोचवावे. संतापलेल्या वैद्याकडे पुढच्या वेळी कोणी येत नाही.

चिकित्सकाने काय करावे

प्रथम श्वास मोजावा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून, बाळ शांत असताना, अंगावरील दुपटे दूर करून. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटास ६० वा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास हे जलद समजावेत. ज्यांस हे अति साधे वाटते त्यांनी गडचिरोलीची आठवण ठेवावी. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या तेथील प्रयोगात गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी श्वास मोजूनच न्यूमोनिया ओळखला आणि त्या गावांतील बालमृत्यू घटले; १९९० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित कार्यकर्ता जे करू शकला ते आपण पदवीधरांनी न करावे, हे शोभत नाही.

श्वास मोजताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, नाकपुड्या फुलतात का, कण्हण्याचा आवाज येतो का, हे पाहावे. ओठ-जीभ निळसर, बाळ सुस्त, श्वासात खंड, आकडी, किंवा नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध घेणे, यांपैकी काहीही असल्यास औषधाचा विचारही न करता रुग्णालयात पाठवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी आणि वाटेत बाळ आईच्या अंगाशी उबेत, मान किंचित वर राहील असे धरण्यास सांगावे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास जलद असेल तर त्यास आम्ही आता घरी ठेवीतच नाही.

महामारीने प्रत्येक दवाखान्यात बोटास लावायचे ऑक्सिमीटर आणून ठेवले. ते प्रौढांचे आहे. तान्ह्याच्या इवल्या बोटावर ते सैल बसते आणि भलताच आकडा दाखविते. कधी ९८ दाखवून फसविते. शिशूसाठी पावलास गुंडाळण्याची वेगळी पट्टी असलेले उपकरण लागते. ते नसेल तर आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

जे बाळ सौम्य आजारी आहे, दूध घेते आहे, त्याची चिकित्सा मुख्यतः शुश्रूषेची आहे. स्तन्यपान थोडे-थोडे व वारंवार. दूध पाजण्यापूर्वी नाकात मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे थेंब घालून नाक मोकळे करणे. कारण शिशू नाकानेच श्वास घेतो आणि चोंदलेल्या नाकाने त्यास ओढता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे, किमान फोनवर विचारणे. क्षीराद अवस्थेत औषध धात्रीस देण्याचा मार्ग आपल्याकडे आहेच, आणि सात आठवड्यांच्या बाळास चूर्ण चाटविण्यापेक्षा तो आम्हास अधिक सुरक्षित वाटतो. काश्यपांनी नवजातास विडंगफळाएवढी मात्रा सांगितली. चिमटीने अंदाजे दिलेली मात्रा त्याच्या कितीपट होते, हे एकदा तोलून पाहावे.

मधाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात मधातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू रुजून अंगघात करणारे विष निर्माण होऊ शकते, म्हणून आधुनिक बालरोगशास्त्र या वयात मध वर्ज्य मानते. लेहनाची परंपरा आम्हास ठाऊक आहे व प्रिय आहे. तरीही आम्ही एक वर्षापर्यंत अनुपान म्हणून मध वापरणे २०२१ पासून बंद केले असून आवश्यक तेथे मातेचे दूध वा किंचित घृत वापरतो. यावर मतभेद असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

नाकात तेल घालणे तान्ह्यात टाळावे; ते फुप्फुसात उतरून तेथे शोथ निर्माण करते. कापूर व पुदिन्याचे सत्त्व असलेले लेप दोन वर्षांखाली नकोत. आणि धूर. आपल्या खेड्यांत आजही अनेक घरी पऱ्हाट्या व तुराट्यांवर स्वयंपाक होतो, बाळंतिणीच्या बाजेखाली ओवा टाकलेली शेगडी असते. गॅसची टाकी कोपऱ्यात भरलेली असते, पण आंघोळीचे पाणी व भाकरी चुलीवरच. काश्यपांच्या धूपकल्पाचा आधार देऊन काही चिकित्सक बाळ खोलीत असतानाच धूपन करवितात. सूजलेल्या श्वासनलिकांस धूर हा धूरच असतो. धूपन करावयाचे तर खोली रिकामी असताना करावे आणि हवा खेळू दिल्यावरच बाळास आत आणावे.

विषाणू हातांवर अर्धा तास व पृष्ठभागांवर काही तास टिकतो. सर्दी झालेल्या भावंडास बाळापासून दूर ठेवणे खेड्यातील दोन खोल्यांच्या घरात अशक्य असते. साबणाने हात धुवून मगच बाळास घेणे शक्य असते. महामारीत लागलेली ती सवय आता सुटत चालली आहे. गर्भिणीस तिसऱ्या तिमाहीत द्यावयाची लस आणि नवजातास एकदा टोचावयाचे निर्सेव्हिमॅब नावाचे प्रतिपिंड यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये केली. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाहीत, परंतु कोणी विचारल्यास आपणास माहिती असावी. शासनाची न्यूमोकॉकल लस बाळास अवश्य द्यावी. मात्र ती जिवाणूविरुद्ध आहे, या विषाणूविरुद्ध नव्हे, हेही सांगावे.

औषधी विक्रेत्यांसाठी

बहुतेक बाळे आपल्याकडे येण्यापूर्वी औषधी दुकानात पोहोचतात. 'बाळाला खोकला आहे, एक बाटली द्या' या वाक्याचे उत्तर बाटलीने देऊ नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या सीमेलगतच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका सिरपमुळे विसाहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू पावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. ज्या खोकल्यासाठी ते दिले गेले तो बहुतांशी याच ऋतूतला, आपोआप बरा होणारा खोकला होता. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ च्या केंद्रीय सूचनेत दोन वर्षांखालील बालकांस खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सर्वसाधारणपणे शिफारसयोग्य नाहीत, असे सांगितले गेले. आयुर्वेदिक सिरप यातून आपोआप मोकळे होत नाही. द्रव आधार कोणता, बॅच क्रमांक कोणता, चाचणीचा दाखला आहे काय, हे उत्पादकास विचारण्याचा विक्रेत्यास अधिकार आहे व तो वापरावा. 'हर्बल आहे, चालते' हे उत्तर स्वीकारू नये.

दुकानदाराने इतकेच विचारावे : बाळ किती आठवड्यांचे? दूध घेते का? पोट उडते का? सहा महिन्यांखालील बाळास सिरप न देता चिकित्सकाकडे पाठवावे. एका गिऱ्हाईकाची बाटली जाईल, हे खरे आहे.

नोंदवही

अकोला, अमरावती, वाशीम व बुलडाणा या जिल्ह्यांतील आपल्या सदस्यांनी येत्या ज्येष्ठापासून माघापर्यंत धापेच्या प्रत्येक शिशूची नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे. स्तंभ थोडेच असावेत : पाहिल्याचा दिनांक, गाव वा प्रभाग, व्याधीचा कितवा दिवस, मोजलेला श्वास, दूध घेण्याची स्थिती, घरात आधी कोणास सर्दी झाली, चुलीचा धूर आहे का, आणि पुढे काय झाले. दिनांक इंग्रजी महिन्यानुसार लिहावा. अधिक मासामुळे तिथीनुसार वर्षांची तुलना करताना घोळ होतो. नाव लिहू नये. वय मात्र आठवड्यांत लिहावे, कारण 'दोन महिन्यांचे' एवढेच लिहिले की त्या बाळास साठची मर्यादा लावायची की पन्नासची, हे मागाहून वाचणाऱ्यास कळत नाही.